मागची बाजू दाखवता का?

वेरूळ-अजिंठ्याची लेणी पाहायला तुमच्यापैकी पुष्कळजण आमच्या छत्रपती संभाजीनगरला येऊन गेले असतील. (२०२३ पर्यंत शहराचं नाव औरंगाबाद होतं. आई-बाबांच्या शाळेच्या सहलीच्या वहीत तेच सापडेल.) लेणी बघून होतात, दौलताबादच्या किल्ल्यातला अंधारी मार्ग एकमेकांचा हात धरून पार पडतो, बीबी का मकबरा पाहून होतो, आणि मग मोठी माणसं हमखास म्हणतात, "चला, आता जरा खरेदी." तिथून पुढचा तासभर तुम्ही मुलं दुकानाच्या पायरीवर कंटाळून बसता. हो की नाही?

हल्ली तर ती पायरीही लागत नाही. घरी बसून मोबाइलवर "पैठणी" एवढं लिहिलं की चित्रांची रांग लागते. एक साडी बाराशे रुपयांना, दुसरी बारा हजारांना, तिसरी लाखाच्या वर. तिन्हींच्या पदरावर मोर, तिन्हींना सोनेरी काठ, आणि तिन्हींच्या खाली "अस्सल" हा शब्द! मग एवढा फरक कशाचा? आमच्या चौथीच्या वर्गात एका मुलीनं हाच प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर फोटोत मिळत नाही. ते बघायला पैठणला जावं लागतं. चला तर मग.

मध्यवर्ती बसस्थानकावरून पैठणची एसटी धरायची. अंतर साधारण पन्नास किलोमीटर. चितेगाव, बिडकीन, ढोरकीन अशी गावं मागे टाकत गाडी गोदावरीकडे निघते. बिडकीनला नव्या औद्योगिक वसाहतीचे रुंद रस्ते दिसतात, पुढे ऊस आणि कपाशी. पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहन राजांची राजधानी. संत एकनाथांचं गाव ते हेच. गावाला लागूनच जायकवाडीचं धरण आहे. त्याच्या पाण्याला नाथसागर म्हणतात, आणि हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात.

लांबच्या गिऱ्हाइकाला माल विकणं या गावाला नवीन नाही, बरं का. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला 'पेरिप्लस' म्हणतात. लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. त्यात पैठणचं नाव आहे, आणि तगरचंही. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून कापड गाड्यांमध्ये भरून, कच्च्या रस्त्यांनी, थेट भडोच बंदराला जायचं, आणि तिथून जहाजानं पश्चिमेकडे. पैठणहून भडोच वीस दिवसांच्या वाटेवर, असं तो लिहितो. आता काही दुकानदार यावरून सांगतात की पैठणी नेसून रोमच्या राण्या मिरवत होत्या. त्यावर विश्वास ठेवू नका! पुस्तकात कापड तेरचं आहे, आणि आज आपण जिला पैठणी म्हणतो ती साडी त्यात कुठेच नाही. पण एवढं खरं, की माल घेणारा आणि करणारा यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसे. मधल्या व्यापाऱ्याच्या शब्दावर सगळा कारभार. आज मधे मोबाइल आला आहे, इतकंच.

पैठणला शासनाच्या लघुउद्योग विकास महामंडळाचं पैठणी केंद्र आहे, आणि गावातल्या काही घरांतूनही माग चालतात. मागाजवळ गेलात की आधी आवाज ऐका. खट्... खट्... मधेच बराच वेळ शांतता, मग पुन्हा खट्. ती शांतता फार महत्त्वाची. साडीचं अंग विणताना धोटा इकडून तिकडे सरसर जातो. पण काठ आणि पदर आला की धोटा थांबतो आणि बोटं सुरू होतात. प्रत्येक रंगाचा धागा एका लहानशा काडीवर गुंडाळलेला असतो, तिला तिल्ली म्हणतात. मोराच्या मानेची निळी तिल्ली वेगळी, पिसाऱ्याची हिरवी वेगळी, डोळ्याच्या ठिपक्याची आणखी वेगळी. विणणारी बाई उभे धागे मोजते, जिथे निळा हवा तेवढ्याच धाग्यांखालून निळी तिल्ली काढते, तिथेच ती शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवते आणि सोडते. मग पुढचा रंग. एका ओळीत अशा कितीतरी तिल्ल्या लोंबत असतात. ओळ पुरी झाली की एकदा खट्. साडी वाढली किती? दोऱ्याच्या जाडीएवढी!

साधा पदर असला तर साडी काही आठवड्यांत मागावरून उतरते. पदरभर मोर, कमळं, आसावलीच्या वेली आणि लाल चोचीच्या हिरव्या मुनिया भरल्या तर तेच काम कित्येक महिने चालतं. फार भरगच्च असेल तर वर्षही जातं.

आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो तेव्हा एका विणकर मावशींनी पदराचं टोक उलटं करून मुलांपुढे धरलं. "सांगा बरं, सुलटी बाजू कोणती?" मुलं गोंधळली. दोन्हीकडे तोच मोर, तितकाच रेखीव. ना सुटे धागे, ना गाठींचा गुंता. हाताच्या विणीत रंग जिथल्या तिथे अडकवला जातो, मागून ओढत नेला जात नाही, म्हणून मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ येते. यंत्रमागावर मात्र रंगीत धागा साडीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातो, नक्षी असेल तिथे वर दिसतो आणि बाकी ठिकाणी मागे लोंबत राहतो. नंतर ते लोंबणारे धागे कापून टाकतात. मग मागे बोट फिरवलं की खरखरीत लागतं.

बाराशे रुपयांच्या साडीचं गुपित मागच्या बाजूला असतं. आणि मोबाइलवर बहुतेक वेळा मागच्या बाजूचा फोटोच नसतो!

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही उगाच कुणाला लबाड ठरवाल. हातमागावरही जकार्ड नावाचं साधन लावून काठ विणतात. नाशिक जिल्ह्यातलं येवला हे आज पैठणीचं फार मोठं केंद्र आहे, तिथे अशा साड्या पुष्कळ होतात. त्यांच्या मागेही थोडे धागे दिसतात, काम लवकर होतं आणि किंमतही कमी असते. त्यात खोटं काहीच नाही. विणणारानं "ही जकार्डवरची आहे" असं सांगितलं की झालं. यंत्रमागाची साडीसुद्धा यंत्रमागाची म्हणून विकली तर कुणाची तक्रार नाही. सगळ्यांनाच महाग साडी परवडत नाही. भांडण आहे ते नावाशी.

त्या मावशींच्या मागाशेजारी खुंटीला मोबाइल टांगलेला होता. साडी अर्धी झाली की त्या फोटो काढतात आणि पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना पाठवतात. मार्च २०२० मध्ये करोनामुळे लेणी बंद झाली, पर्यटक येईनासे झाले, तेव्हा त्यांच्या घरात ही सवय लागली. पूर्वी साडी व्यापाऱ्याकडे द्यायची आणि तो देईल ते घ्यायचं. आता काही साड्या थेट जातात, पैसे मोबाइलवर जमा होतात. "पण बाई," त्या मला म्हणाल्या, "फोटोत रंग बदलतो हो. इथं अंजिरी, तिथं जांभळा. मग साडी परत." रेशमाचा रंग उजेडाप्रमाणे फिरतो. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला तर साडी हलवली की दोन्ही रंग खेळतात. त्याला धूपछाँव म्हणतात. ते एका फोटोत कसं मावणार? त्यांच्या मुलीनं त्यावर उपाय काढला. साडी दारातल्या उन्हात धरायची, आत सावलीत धरायची, आणि मग उलटी करून दाखवायची. तिन्ही मिळून एक छोटीशी चित्रफीत. मला तर ही युक्ती मोठमोठ्या दुकानांच्या जाहिरातींपेक्षा जास्त आवडली.

आता थोडं गणित करू. शिक्षिका असल्यावर गणित सुटत नाही! समजा, एक साडी २०,००० रुपयांना विकली. रेशीम आणि जर यांना ८,००० गेले. उरले १२,०००. साडीला दोन महिने लागले, म्हणजे महिन्याला ६,०००. रेशीम उकलणं, कांड्या भरणं, ताणा लावणं ही कामं घरातलं दुसरं माणूस करतं. तेव्हा माणशी ३,०००. त्यातून विक्रीच्या संकेतस्थळाचं कमिशन, कुरिअर आणि परत आलेल्या साडीचा खर्च वजा करा. हे आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, पण २०१९-२० च्या हातमाग गणनेचे आकडे खरे आहेत. देशात ३५ लाखांहून जास्त माणसं हातमागावर जगतात, आणि विणकर कुटुंबांपैकी सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांची मिळकत महिन्याला पाच हजारांच्या आत होती.

शेजारी बाराशे रुपयांची "अस्सल पैठणी" दिसली की गिऱ्हाईक या मावशींना काय विचारतं? "तुमचीच एवढी महाग कशी?" म्हणजे ज्यानं खोटं नाव लावलं तो निवांत, आणि जिनं खरं काम केलं तिनेच खुलासा द्यायचा!

हे थांबावं म्हणून कायदा आहे. १९९९ साली भौगोलिक मानांकनाचा कायदा झाला आणि २००३ पासून तो लागू झाला. दार्जिलिंगचा चहा, कोल्हापुरी चप्पल, तशी पैठणी. २०१० साली पैठणीला मानांकन मिळालं. त्या भागात, त्या रीतीनं केलेल्या मालालाच ते नाव लावता येतं. पण मोबाइलवरच्या हजारो चित्रांमागे रोज कोण धावणार? म्हणून घेणाऱ्यालाही थोडी माहिती हवी. साडीला लावलेल्या खुणा वाचायला शिका. 'सिल्क मार्क' ही २००४ सालापासूनची खूण सांगते की धागा शुद्ध रेशमाचा आहे. पण माग कुठला, ते ती सांगत नाही. यंत्रमागाच्या रेशमी साडीलाही ती मिळू शकते. 'हँडलूम मार्क' सांगतो की कापड हातमागाचं आहे. गाव आणि रीत कोणती, ते भौगोलिक मानांकन सांगतं. माझ्या जावेनं एका विक्रेत्याकडून मोबाइलवर साडी मागवली होती. सिल्क मार्क बघून ती निर्धास्त राहिली. साडी आली, रेशीम खरंच होतं, पण मागे कापलेल्या धाग्यांची पूर्ण पट्टी! विक्रेता म्हणाला, "ताई, आम्ही हातमाग असं कुठं लिहिलंय?" आणि खरंच, लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं 'पारंपरिक'.

ही कटकट फक्त आपल्याकडे आहे असं समजू नका. अमेरिकेत २००५ साली एट्सी नावाचं संकेतस्थळ सुरू झालं ते हातानं केलेल्या वस्तू विकण्यासाठीच. पुढे २०१३ मध्ये त्यांनी कारखान्याची मदत घेऊन केलेल्या वस्तूंनाही परवानगी दिली, तेव्हा हातानं काम करणारे पुष्कळजण नाराज झाले. २०२२ मध्ये कमिशन ५ टक्क्यांवरून ६.५ टक्के केलं, तर हजारो विक्रेत्यांनी काही दिवस आपली दुकानं बंद ठेवून संप केला. म्हणजे न्यूयॉर्क काय अन् पैठण काय, रडगाणं एकच.

आता परत शहरात येऊ, कारण पैठणला शिकलेला धडा इथे उलटा होतो. जुन्या शहरात हिमरू नावाचं कापड विणलं जायचं. आता त्याचे हातमाग अगदी मोजके उरले आहेत. १३२७ साली महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तिच्याबरोबर विणकर आले आणि इथेच राहिले, असं परंपरेनं सांगतात. राजेलोक किनखाब वापरत, म्हणजे सोन्याचांदीच्या तारांचं भरजरी कापड. हिमरू त्याचं स्वस्त भावंड. सुताचा ताणा, त्यावर रेशमाची नक्षी, सोनंचांदी नाही. सूत असल्यामुळे अंगाला मऊ लागतं.

हिमरूची शाल उलटी करा. काय दिसेल? लोंबणारे धागे! नक्षीचा जादा धागा जिथे वर दिसायचा नसतो तिथे तो मागे सैल पडून राहतो. त्या सैल थरामुळेच शाल उबदार होते. तेव्हा पैठणीचा नियम हिमरूला लावला तर तुम्ही चांगली शाल खोटी ठरवून परत पाठवाल. कापडाचं नाव आधी कळायला हवं, मग त्याची मागची बाजू. इथेच मशरू नावाचं आणखी एक कापड विणत. त्याचं बाहेरचं अंग रेशमाचं आणि अंगाला लागणारी बाजू सुताची. नुसतं रेशीम अंगाला लागू नये, असा धार्मिक संकेत पाळणाऱ्यांसाठी ही सोय होती. मशरू या अरबी शब्दाचा अर्थच 'परवानगी असलेलं'. त्याचीही मागची बाजू वेगळी असते, पण तिथे वेगळी असणं हीच तर खुबी!

हिमरूच्या जुन्या मागावर दोन माणसं लागत. एकजण विणायचा, दुसरा नक्षीच्या दोऱ्या ओढायचा. या दुसऱ्या माणसाचं काम पुढे जकार्डनं घेतलं. मघाशी नाव आलं तेच. फ्रान्समधल्या लियों शहरात जोसेफ जकार्डनं १८०४ च्या सुमारास हे साधन तयार केलं. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडलेली असतात. भोक असलं तर धागा उचलला जातो, नसलं तर नाही. अशा पट्ट्यांची माळ म्हणजे अख्खी नक्षी. ही युक्ती इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यासाठी उचलली आणि पुढे संगणकालाही भोकं पाडलेल्या पट्ट्यांतूनच हुकूम देत. तेव्हा मागावरची पुठ्ठ्याची माळ दिसली तर तिला नमस्कार करा. तुमच्या मोबाइलची ती पणजी आहे! पणजीचं कापड आता पणतू विकतो आहे.

शेवटचा मुक्काम कागजीपुरा. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना हे गाव लागतं. नावातच काम आहे. इथे पिढ्यान् पिढ्या हातानं कागद करतात. सुती चिंध्या भिजवून, कुटून त्यांचा लगदा करायचा, तो पाण्यात कालवायचा, त्यात चाळणीसारखी चौकट बुडवून अलगद उचलायची. पाणी गळून जातं आणि चौकटीवर कागदाची ओली साय राहते. ती दाबून, वाळवून, घोटून गुळगुळीत करायची. या कागदाला ना साडी-शालीची किंमत, ना कुरिअरमध्ये चुरगळण्याची फारशी भीती. पत्रिका, वह्या, चित्रकारांचे कागद म्हणून तो दूरवर विकला जाऊ शकतो. अडचण निराळीच. मोबाइलवरून मागवणारा कधी कधी कळवतो, "कागदाच्या कडा सरळ नाहीत, माल सदोष आहे." अहो, कडा वेड्यावाकड्या आहेत म्हणूनच तर तो हातचा! मला वाटतं, या लोकांनी एक कापलेला आणि एक न कापलेला कागद शेजारी ठेवून फोटो काढावा आणि खाली दोन ओळी लिहाव्यात. गिऱ्हाईक वाईट नसतं, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

तुम्ही स्वतः घरी काही मागवणार असाल तर विक्रेत्याला बिनधास्त लिहा, "मागची बाजू दाखवता का?" विणणारा किंवा त्याच्याशी ओळख असलेला दुकानदार फोटो लगेच पाठवतो. कुठल्या गावात, कोणत्या मागावर विणलं, किती दिवस लागले, हेही विचारा. ज्याला ठाऊक नसतं तो 'पारंपरिक', 'राजेशाही' असले शब्द पाठवतो. २०२० च्या ग्राहक नियमांप्रमाणे अशा बाजारांना विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवावा लागतो, तो बघून ठेवा. फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि पैसे देताना आई किंवा बाबा शेजारी हवेत, हे सांगायला नको.

प्रत्यक्ष आलात तर दोन दिवस काढा. एक दिवस पैठणसाठी, दुसरा दौलताबाद आणि कागजीपुऱ्यासाठी. वेरूळकडे जाणाऱ्या गाडीत कंडक्टरकाकांना कागजीपुऱ्याचा थांबा आधीच सांगून ठेवा. मागाला विचारल्याशिवाय हात लावू नका, एक तुटलेला धागा शोधून जोडायला बराच वेळ जातो. आणि ऊन असेपर्यंत पोचा. संध्याकाळी माग थांबतात, आणि हातकागद उजेडासमोर धरून त्यातले धागे आणि चौकटीच्या रेघा बघायची मजाही राहून जाते.